इतर कुत्र्यांना घाबरणाऱ्या कारवानीला सोलापुरात मोकळे कुठे सोडावे?

विजापूर रोड (धागाकर्ती)

आमच्या घरी सावळी नावाची तीन वर्षांची कारवानी कुत्री आहे. मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून ती पिल्लू असताना आणली. माणसांशी तिचे वागणे अतिशय शांत असून घरी येणाऱ्या लहान मुलांनाही ती सांभाळून घेते. परंतु वर्षभराची असताना गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळीने तिला पट्ट्यात असतानाच घेरले आणि मांडीला चावे घेतले. जखमा भरल्या, भीती मात्र तशीच राहिली.

विजेच्या तीन खांबांइतक्या अंतरावर एखादे कुत्रे झोपेतून नुसते उठून उभे राहिले, तरी तिचे कान मागे चिकटतात, शेपूट पोटाखाली जाते आणि अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर येतो. उकडलेल्या अंड्याचा जो तुकडा घरी ती बोटांसकट ओढून घेते, तोच तिथे नाकासमोर धरला तरी तिचे लक्ष जात नाही. कुत्रे आणखी जवळ आले, की ती भुंकत पट्ट्याला असे हिसके देते की बघणाऱ्याला ती भांडखोर वाटावी.

कारवानी ही धावण्यासाठीच घडलेली जात आहे. पट्ट्यात कितीही चालवले तरी तिचे पाय मोकळे होत नाहीत, आणि घरी आल्यावर ती गच्चीच्या जिन्यावरून वर-खाली येरझाऱ्या घालत राहते. उन्हाळ्यात ही अडचण दुप्पट होते, कारण मार्चपासून पुढे रस्ता पायाला सोसेल अशी वेळ म्हणजे भल्या पहाटेची, आणि नेमकी तीच वेळ भटक्या कुत्र्यांच्या फिरण्याची असते. तेव्हा सोलापुरात किंवा आसपास, जिथे दुसरे कुत्रे येणारच नाही याची खात्री देता येईल, अशी तिला सोडण्याची जागा कुणी शोधली आहे का? जागा शोधताना काय पाहावे, हेही सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

होटगीकर

माझ्या मते तिला जितके लपवाल तितकी ती घाबरेल. ओळखीच्या दोन-चार पाळीव कुत्र्यांमध्ये तिला सरळ मोकळे सोडून द्यावे. सुरुवातीला थोडी आरडाओरड होईल, मग त्यांचे ते जुळवून घेतील. आमच्या वस्तीवर कुत्री अशीच वाढतात आणि धीट होतात.

पशुवैद्यक

होटगीकर, वस्तीवर पिल्लू पहिल्या काही महिन्यांत इतर कुत्र्यांमध्ये वाढते, तेव्हा त्याचे शिकणे वेगळे असते. चावे खाल्लेल्या प्रौढ कुत्रीला पळून जाण्याची वाट नसलेल्या जागी अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडले, तर आपले भय खरे होते एवढेच ती शिकेल, आणि पुढच्या वेळी आधी चावा घेईल. कृपया असे करू नये.

धागाकर्तीने लिहिलेली अंड्याची गोष्ट महत्त्वाची आहे. आवडता खाऊ नाकारणे ही कुत्रे सोसण्याच्या मर्यादेपलीकडे गेल्याची सर्वांत सोपी खूण आहे. ज्या अंतरावर ती कुत्रे पाहूनही खाऊ घेते, ते तिचे सुरक्षित अंतर समजावे आणि शिकवणे जे काही करायचे ते त्या अंतराच्या बाहेरच करावे. घाबरण्याचा एक प्रसंग घडला की त्याचा ताण त्याच दिवशी संपत नाही, म्हणून अशा प्रसंगानंतर दोन-तीन दिवस रस्त्यावर नेण्याऐवजी घरातच वास शोधण्याचे खेळ द्यावेत. तेवढे दिवस फिरायला नेले नाही म्हणून कुत्र्याचे काही बिघडत नाही.

मोकळे सोडण्याआधी तिची एकदा नीट तपासणी करून घ्यावी, विशेषतः चावे घेतलेल्या मांडीची आणि कंबरेची, कारण अंगात कुठे दुखत असेल तर कुत्रे इतरांना जवळ येऊ द्यायला अधिकच घाबरते. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस वेळेवर असावी. ही जात छातीने खोल असल्यामुळे पोटभर जेवणानंतर धावणे टाळावे. पोटाला पीळ पडण्याचा धोका अशा कुत्र्यांना अधिक असतो आणि तो जिवावर बेततो.

उत्तर कसबा

नान्नजच्या बाजूला माळरान आहे, तिकडे मैलोन्‌मैल कुत्रे सोडा, माणूसही दिसत नाही. तिथे का नेत नाही?

माळटिटवी

कृपया तिथे नेऊ नका. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झाले, आणि तो माळ आपल्याला रिकामा दिसत असला तरी तिथे काळविटे आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत, आणि टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. कारवानी नजरेने शिकार हेरणारी आहे. पळते काळवीट दिसल्यावर जगातली कोणतीही हाक तिच्या कानांपर्यंत पोहोचणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्यप्राण्याचा पाठलाग करणेही मोडते आणि काळवीट पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. अभयारण्याची हद्द संपली म्हणजे काळविटे संपली असेही नाही. आसपासच्या खाजगी माळांवर आणि शाळूच्या रानांतही ती येतात.

पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांना आणि खोकडांना लागतात, ही काळजी वेगळीच. आणि खुद्द सावळीच्या बाजूने पाहिले, तर एकट्या कुत्र्याला लांडगा प्रतिस्पर्धीच मानतो. जिला गल्लीतल्या टोळीने घायाळ केले तिला लांडग्यांच्या मुलखात सोडणे मला तरी क्रूर वाटते.

मंद्रूपचे रान

माळाचे सांगून झाले, आता पिकाच्या रानाविषयी सांगतो, कारण शहरातले पुष्कळ लोक शाळू काढल्यावर मोकळ्या रानात कुत्री आणतात. मी स्वतः शेतकरी आहे.

शाळूची काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चपासून रान स्वच्छ दिसते, लांबपर्यंत नजर जाते, आणि इथे कुत्रे असणार नाही असे वाटते. पण त्याच दिवसांत मेंढरे बसवायला धनगर येतात. ज्याच्या रानात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला आहे त्याच्या चारही बाजूंना त्यांची राखणीची कुत्री पसरलेली असतात, आणि ती जमिनीच्या रंगात मिसळून बांधाच्या सावलीला पडून असतात. अनोळखी कुत्रे दिसले की ती एकदम उठतात, आणि त्यांचे कामच ते आहे, त्यांना दोष देता येत नाही. म्हणून रानात येण्याआधी वाडा कुठे आहे, हे त्या शिवारातल्या माणसाला विचारल्याशिवाय पट्टा काढू नये.

दुसरे म्हणजे शेततळे. त्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि तो शेवाळाने निसरडा होतो. कुत्रे पाणी प्यायला उतरते, पाय घसरतो, आणि कितीही पोहता येत असले तरी त्या उतारावर नखे रुतत नसल्यामुळे ते वर चढू शकत नाही. ज्या शेततळ्याला कुंपण नाही आणि आत सोडलेला दोर नाही, त्याच्या आसपास कुत्रे मोकळे सोडूच नये. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींचेही तसेच. उसाच्या फडाभोवती रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असण्याची शक्यता असते; असे करणे बेकायदा आहे, तरी होते, आणि पहाटे ती बंद झालेली असेलच असे नाही.

द्राक्षबागेत तर नेऊच नये. गळून पडलेली द्राक्षे आणि शेडमध्ये सांडलेले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. त्याहून वाईट म्हणजे एरंडीची पेंड. खत म्हणून बुडाशी टाकतात, तिचा वास कुत्र्यांना फार आवडतो, आणि ती पोटात गेल्यास कुत्रे दगावते.

पशुवैद्यक

एरंडीच्या पेंडीविषयी मंद्रूपकरांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. पेंड किंवा द्राक्षे खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. पावसाळ्यानंतर गवताच्या कुसळांकडेही लक्ष द्यावे. कुसळ कानात, डोळ्यात किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात शिरले की पुढे-पुढेच सरकते. रानातून आल्यावर कान, काख आणि बोटांमधली जागा बोटाने चाचपून पाहावी. गोचिडीही तिथेच सापडतात.

विजापूर रोड

सर्वांचे आभार. माळाचा विचार माझ्याही मनात होता, तो आता पूर्ण काढून टाकला आहे. लांब दोरीचा पर्याय काही जण सुचवतात. तो या जातीला चालेल का?

मूळची बार्शीची

मी सध्या पुण्यात असते आणि आमच्या भित्र्या कुत्र्याला लांब दोरीवरच वाढवले. दोरी दहा मीटरची असावी, कायम हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला बांधावी आणि गळपट्ट्याला कधीही बांधू नये. नायलॉनचा दोर हातातून सरकताना तळवा भाजतो, म्हणून जाड सुती दोर किंवा सपाट पट्टी घ्यावी आणि ती हाताला गुंडाळू नये. आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या डबीच्या पट्ट्याचा इथे उपयोग नाही. त्यात दोरी सतत ताणलेली राहते, आणि डबी हातातून सुटली की ती कुत्र्याच्या मागे खडखडत पळते. भित्र्या कुत्र्यासाठी तो दुसरा राक्षस ठरतो.

मात्र कारवानीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगते. ती काही ढांगांतच पूर्ण वेग घेते, आणि त्या वेगात दोरी संपली तर मानेला व पाठीला बसणारा झटका गंभीर असतो. म्हणून लांब दोरी हुंगत फिरण्यासाठी आणि परत बोलावण्याच्या सरावासाठी वापरावी, पळवण्यासाठी नव्हे. पळवायला बंदिस्त जागाच हवी.

बोलावण्याच्या सरावासाठी हाकेपेक्षा शिट्टी बरी, कारण आपण घाबरलो की आपला आवाज बदलतो आणि कुत्र्याला ते लगेच कळते. शिट्टी वाजली की तिला सर्वांत आवडता पदार्थ मिळालाच पाहिजे, आणि तो एरवी कधीही मिळता कामा नये. आली की लगेच पट्टा लावून घरी नेऊ नये. खाऊ द्यावा आणि पुन्हा सोडावे, म्हणजे परत येणे आणि मजा संपणे यांची सांगड तिच्या मनात बसत नाही.

पार्क चौक

बंदिस्त जागा म्हणून बॉक्स क्रिकेटचे टर्फ पाहावे. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असते, दार एकच असते आणि तासावर भाडे असते. संध्याकाळी आणि रात्री खेळणाऱ्यांची गर्दी असते, पण कामाच्या दिवशी दुपारच्या आधी बहुतेक टर्फ रिकामी असतात. मालकाला आधीच सांगून, मलमूत्र स्वतः स्वच्छ करण्याची हमी देऊन आणि पाण्याची बादली बरोबर नेऊन विचारावे. मला एका मालकांनी परवानगी दिली, दुसऱ्यांनी दारातूनच नाही म्हटले.

उन्हाळ्यात मात्र कृत्रिम गवत उन्हाने डांबरासारखेच भाजते. तळहात उलटा करून सात सेकंद टेकवता आला नाही, तर कुत्र्याला उतरवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा टर्फचा खरा हंगाम.

मूळची बार्शीची

टर्फची जाळी बारीक असते आणि भरधाव धावणाऱ्या कुत्र्याला ती दिसत नाही. आधी पट्ट्यात धरून कडेकडेने पूर्ण फेरी मारावी आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर जाळीला पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात. जाळी जमिनीलगत सुटलेली नाही ना, हे त्याच फेरीत पाहून होते.

सात रस्ता

मी अनेक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालतो, म्हणून त्यांच्या बाजूने थोडे. धागाकर्तीने वेळेविषयी लिहिलेले निरीक्षण बरोबर आहे. ही कुत्री पहाटे आणि रात्री सर्वाधिक हिंडतात आणि ऊन चढले की झोपतात. हिवाळ्यात सकाळी दहानंतर रस्ते त्यांच्या दृष्टीने शांत असतात. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते आणि ती एखाद्या चहाच्या गाडीपाशी किंवा कचऱ्याच्या ढिगापाशी संपते. आठवडाभर एकट्याने, सावळीशिवाय फिरलात तर हा नकाशा तुम्हाला पाठ होईल. कानाचे टोक खुडलेले कुत्रे नसबंदी झालेले असते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागीच सोडले जाते, त्यामुळे अशा टोळीची घडी सहसा बदलत नाही आणि तिचा अंदाज बांधता येतो. नवी, कान न खुडलेली कुत्री जिथे सतत येत-जात असतात, तो रस्ता टाळावा.

धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला सकाळी खाऊ घालणारे बरेच जण येतात, तिथे तिला मुळीच नेऊ नका.

मांडव

मंगल कार्यालयाचा विचार कुणी केलेला दिसत नाही. आमच्या नात्यात एक कार्यालय आहे, म्हणून आतली माहिती सांगतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, लग्ने फारशी नसतात. काढीव मुहूर्त आणि साखरपुडे होतात, पण बहुतेक दिवस लॉन रिकामेच असते. चारी बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत, एक मोठे फाटक, राखणदार आणि कापलेले खरे गवत, म्हणजे टर्फपेक्षाही चांगली सोय, आणि ती नेमकी पावसाळ्यात, जेव्हा रानात चिखल आणि साप असतात.

जाण्याआधी मागची बाजू पाहून घ्या. आचाऱ्यांची जागा जिथे असते, तिथे खरकट्याच्या वासाने भटकी कुत्री मुक्कामाला असतात आणि मागचे लहान दार बहुधा उघडेच असते. मोठ्या फाटकाखाली वीतभर फट असते. तिच्यातून कुत्रे सहज सरकते. फाटकाइतकी लांब एक फळी आडवी टेकवली की काम होते. आदल्या दिवशी कार्यक्रम झाला असेल, तर हिरवळीत दातकोरण्या, प्लास्टिकचे चमचे आणि हाडेही सापडतात, म्हणून त्या दिवशी जाऊ नये.

पूर्व भाग

जागा मिळेपर्यंत एक उपाय सांगतो. आमच्या यंत्रमाग कारखान्याच्या आवारात आम्ही आमच्या कुत्र्याला काठीच्या खेळाने दमवतो. पाच-सहा फुटांची काठी, तिला तेवढीच दोरी आणि दोरीच्या टोकाला जुन्या टॉवेलची चिंधी. चिंधी जमिनीलगत मोठ्या वर्तुळात फिरवायची, उंच उडवायची नाही, आणि मधूनमधून तिला पकडू द्यायची. नजरेने धावणाऱ्या जातीला याचे वेड लागते. फरशीवर किंवा सिमेंटवर खेळू नये, पाय मुरगळतो. मातीवर, आणि काही मिनिटांपुरतेच. चिंधीचे दोरे निघू लागले की ती फेकून द्यावी. सुताचा लांब धागा गिळला तर आतड्यात अडकतो, आणि आमच्या भागात हे पुष्कळदा होते.

होटगीकर

पशुवैद्यकांचे म्हणणे वाचून मी माझा सल्ला मागे घेतो. तरी एक शंका आहे. तिला कायम एकटीच ठेवायचे का?

पशुवैद्यक

कायम असेच असेल असे नाही. पोटभर धावून आलेले कुत्रे अधिक शांत असते आणि शांत कुत्रे लवकर शिकते, म्हणून आधी सुरक्षित धावणे आणि मग शिकवणे असा क्रम ठेवावा. पुढे एखादे वयस्क, संथ आणि पट्ट्यातले कुत्रे लांबून, समांतर चालवत दाखवता येईल. काही कुत्र्यांना त्यापुढे कधीच जावेसे वाटत नाही, आणि तसे एकटे कुत्रेही समाधानाने जगते. भीती फारच तीव्र असेल, तर औषधांची मदत घेता येते, मात्र ती तपासून, वैद्याच्या देखरेखीखालीच.

विजापूर रोड

प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून घेतला आहे. आता असा विचार करते आहे: चातुर्मासात मंगल कार्यालय, हिवाळ्यात टर्फ, आणि रोज घरी वासाचे व काठीचे खेळ. प्रश्न उरतो तो मार्च ते जूनचा, जेव्हा लग्नसराई असते, टर्फ तापलेले असते आणि उजाडल्यापासून तास-दोन तासच हाताशी असतात. नेमका तोच काळ सर्वांत कठीण आहे.

मंद्रूपचे रान

तेवढे माझ्याकडे लागले. माझ्या डाळिंबाची बाग यंदा काढली आहे, त्या दोन एकरांना सहा फुटी तारेची जाळी तशीच आहे आणि पुढचे पीक पावसाळ्यातच घेणार आहे. आत शेततळे नाही, विहीर कुंपणाबाहेर आहे, आणि तिथे सध्या कोणतीही पेंड किंवा औषध टाकलेले नाही. जमिनीलगत जाळी जिथे उचलली आहे तिथे मी दगड लावून घेतो. सराट्यांचे काटे मात्र आहेत. पहिल्या दिवशी आपण दोघे मिळून मधला पट्टा साफ करू.

विजापूर रोड

तुमचे आभार कसे मानावे ते कळत नाही. भाडे काय ते निःसंकोच सांगा, कारण नियमित यायचे तर ते ठरलेले बरे. आणि तुमच्या वस्तीवर कुत्री असतील, तर त्यांचे काय करायचे?

मंद्रूपचे रान

भाड्याचे बोलू नका, हुरड्याला या. आमची दोन कुत्री आहेत. तुम्ही डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलात की फोन करा, फाटकाशी हॉर्न वाजवू नका. मी दोघांना गोठ्यात बांधून दार लावतो आणि मग फाटक उघडतो. त्यांचा वास बागेत राहणारच, म्हणून पहिल्या दिवशी लांब दोरीवरच फिरवा आणि तिला सगळे कुंपण हुंगून घेऊ द्या. तिने खाऊ घेतला तर दुसऱ्या खेपेला सोडा, नाही घेतला तर आणखी एक खेप दोरीवरच. सूर्य उगवायच्या आत पोहोचा, आठ वाजता जमीन तापायला लागते.